नाकावरचा खडबडीत डाग, ओठावरची न भरणारी चीर: आधी तपासणी, मग मलम

दुपारी बाराचं ऊन डोक्यावर असतं. कापसाच्या रानात वेचणी सुरू असते, फडात कोयता चालत असतो, माळावर मेंढरं पांगलेली असतात. डोक्याला टॉवेल नाहीतर टोपी असते, पण नाक, कानाची पाळी, खालचा ओठ, मानेची मागची बाजू आणि हाताचा पालथा भाग उघडाच राहतो. तीस-चाळीस वर्षं हीच जागा रोज तापते. मग पन्नाशी-साठीत कधीतरी नाकावर एक खडबडीत ठिपका येतो. बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखा लागतो. खपली धरते, निघते, जरा रक्त येतं, पुन्हा खपली धरते. दाढीचं ब्लेड लागलं असेल म्हणून माणूस सोडून देतो.

असा प्रत्येक ठिपका कॅन्सरचा नसतो. बहुतेक वेळा नसतोच. पण डाग कसलाही असला तरी पुढची तऱ्हा गावोगाव सारखीच असते. बाजाराच्या दिवशी मेडिकलवर जायचं, "डागाला काहीतरी द्या" म्हणायचं आणि हातात पडेल ती ट्यूब घेऊन यायचं. चार दिवसांत लाली उतरते, खाज थांबते. औषध लागू पडलं असं वाटतं. ट्यूब संपली की डाग पुन्हा वर येतो. मग दुसरी ट्यूब, मग शेजाऱ्याने सांगितलेला पाला, मग कोणीतरी लावून दिलेला चुना. यात एक-दोन वर्षं निघून जातात. डाग कॅन्सरचा असेल, तर नुसत्या मलमाने बरा होण्याचा काळ याच दोन वर्षांत हातचा जातो.

उन्हाने बिघडलेली कातडी आणि कातडीचा अगदी वरवरचा कॅन्सर, या दोन्हींवर न कापता करायचे उपचार आज आहेत. त्यासाठी खास मलमं आहेत. फक्त त्यांचा स्वभाव उलटा आहे. चुकीच्या मलमाने आधी बरं वाटतं आणि मग बिघडतं. बरोबर मलमाने आधी बिघडल्यासारखं दिसतं आणि मग बरं होतं. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ नुकसान टळेल.

ऊन कातडीत काय करतं?

उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. कातडीच्या पेशीने कसं वाढायचं आणि कुठे थांबायचं, याचा हुकूम पेशीतल्या डीएनएमध्ये लिहिलेला असतो. हे किरण त्या लिखाणात खाडाखोड करतात. शरीर रोज दुरुस्ती करतं, पण सगळी चूक भरून निघत नाही. किराणा दुकानातल्या उधारीसारखं थोडं थोडं खात्यावर चढत जातं. तरुणपणी त्रास होत नाही, म्हातारपणी वसुली येते. ढगाळ दिवशीही हे किरण बऱ्यापैकी खाली पोचतात.

आपल्या सावळ्या-काळ्या रंगाचा इथे मोठा फायदा आहे. कातडीतलं रंगद्रव्य हे किरण अडवतं. म्हणून भारतात सगळ्या कॅन्सरमध्ये कातडीच्या कॅन्सरचा वाटा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी धरला जातो. गोऱ्या लोकांच्या ऑस्ट्रेलियात वयाच्या सत्तरीपर्यंत दर तिघांतल्या दोघांना कातडीचा कुठला ना कुठला कॅन्सर निघतो. त्यामुळेच या मलमांवरचं बहुतेक संशोधन गोऱ्या लोकांच्या देशांतलं आहे.

पण धोका कमी म्हणजे धोका नाही असं नव्हे. वर्ण फार गोरा असेल, जन्मापासून अंग आणि केस पांढरे असतील, किडनी बदलल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील किंवा अंगावर भाजल्याचा जुना व्रण असेल, तर जास्त जपावं लागतं. आपल्याकडे हा आजार कमी, म्हणून त्याची शंकाही कोणाला येत नाही. माणूस डॉक्टरकडे उशिरा पोचतो तो यामुळेच.

प्रत्येक डाग कॅन्सरचा नव्हे

गालावरचा तपकिरी वांग कॅन्सर नाही. वय झाल्यावर गालावर, मानेवर येणारे काळे मऊ मस आणि मेणासारखे चिकटवल्यागत दिसणारे काळे चट्टे सहसा निरुपद्रवी असतात.

शेतकऱ्यांत आणखी एक त्रास सर्रास दिसतो. चेहरा, पापण्या, मान आणि कोपराची लवण लाल होते, खाजते, कातडी जाड पडते. लोक त्याला उन्हाची ॲलर्जी म्हणतात. पुष्कळदा त्यामागे गाजर गवत असतं. हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदवलं गेलं आणि आता बांधाबांधावर आहे. त्याचा उपचार अगदी वेगळा आहे. म्हणून "शेजाऱ्याला ज्या ट्यूबने गुण आला तीच मला" हा हिशेब कातडीच्या बाबतीत चालत नाही. दिसायला सारखे दोन डाग आतून दोन वेगळे आजार असू शकतात.

मग कोणता डाग दाखवायचा?

पहिला प्रकार म्हणजे सुरुवातीला सांगितलेला खडबडीत ठिपका. डॉक्टरी भाषेत त्याला ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात. तो डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतो. नाक, कान, टक्कल आणि हाताचा पालथा भाग या त्याच्या जागा. खालच्या ओठावर तो कोरड्या, पांढरट, सारख्या फुटणाऱ्या चिरेसारखा दिसतो. हा कॅन्सर नाही. यातले थोडेच ठिपके पुढे कॅन्सर होतात, पण कोणता होईल ते वरून सांगता येत नाही.

दुसरा बेसल सेल कार्सिनोमा. हा चेहऱ्यावर, खास करून नाकाजवळ आणि डोळ्याजवळ होतो. मोत्यासारखी चमकणारी गाठ, मधे खड्डा, कडा उचललेल्या असं त्याचं रूप. आपल्या लोकांत तो बहुधा काळसर असतो, म्हणून तीळ समजला जातो. अंगात दुसरीकडे क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी नाक, पापणी, कान पोखरत जातो.

तिसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. हा जाड, खरखरीत आणि जखम होणारा. वेगाने वाढतो आणि जवळच्या गाठींत पसरू शकतो. आपल्याकडे तो जुन्या भाजल्याच्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेवरही येतो.

चौथा मेलॅनोमा, सगळ्यांत घातक. गडद रंगाच्या लोकांत तो उन्हाच्या जागी कमी आणि तळपायाला, तळहाताला, नखाखाली जास्त होतो. जमैकाचा प्रसिद्ध गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेला. त्याचा आजार पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला होता. तळपायाला नवा काळा डाग आला, पसरू लागला, तर काटा मोडला असेल म्हणून बसून राहू नये.

सगळं पाठ करायची गरज नाही. जखम किंवा खपली महिनाभरात भरली नाही, भरून पुन्हा पुन्हा उघडते, सहज रक्त येतं, डाग वाढतो, रंग किंवा आकार बदलतो, जुना व्रण फुटतो, यातलं एक जरी दिसलं तरी दाखवायचं. हातात मोबाइल आहेच. डागाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून उजेडात फोटो काढा आणि महिन्याने पुन्हा काढा. वाढ किती झाली ते डॉक्टरांना लगेच दिसतं. फोटो दाखवण्यापुरता आहे, निदान त्यावर होत नाही.

तुकडा काढला की पसरतो का?

पसरत नाही. बायोप्सी म्हणजे तुकडा तपासणी. डाग बधिर करून त्यातला छोटा तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काम थोड्या वेळाचं असतं, माणूस त्याच दिवशी घरी येतो. "सुरी लागली की कॅन्सर खवळतो" हे गावातलं बोलणं ऐकून अनेक जण माघारी फिरतात. पण कॅन्सर आहे का, कोणता आहे आणि किती खोल गेलाय, हे या तुकड्यातूनच पक्कं कळतं. मलमाने भागेल की कापावं लागेल याचा निर्णयही त्यावरच होतो. साधा खडबडीत ठिपका अनुभवी डॉक्टर नुसता बघून ओळखतात, पण शंका असेल तिथे तुकडा काढायलाच हवा.

न कापता होणारे उपचार

यातलं सर्वांत जुनं आणि भरवशाचं मलम आहे फाइव्ह-फ्लुरोयुरासिल. डॉक्टर त्याला फाइव्ह-एफयू म्हणतात. हे औषध १९५७ मध्ये अमेरिकेत शोधलं गेलं आणि आतड्याच्या कॅन्सरसाठी सलाईनमधून आजही देतात. सलाईन घेणाऱ्या काही रुग्णांच्या चेहऱ्यावर उन्हाने बिघडलेले ठिपकेच तेवढे लाल झाले आणि शेजारची चांगली कातडी तशीच राहिली, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्यावरून त्याचं मलम झालं. शेतकऱ्याला हे लगेच समजेल. उभ्या पिकात फवारायचं निवडक तणनाशक पीक ठेवतं आणि तण जाळतं, तसंच हे. चुकीच्या वेगाने वाढणाऱ्या पेशी ते मारतं, चांगल्या पेशी बहुतांशी सोडून देतं.

ठिपक्यांसाठी ते साधारण दोन ते चार आठवडे लावतात. अमेरिकेत ९३२ माजी सैनिकांवर याची चाचणी झाली, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. चेहरा आणि कानांवर चार आठवड्यांपर्यंत हे मलम लावलेल्यांत, ऑपरेशन लागेल अशा स्क्वॅमस सेल कॅन्सरचा धोका पहिल्या वर्षात ७५ टक्क्यांनी कमी झाला.

दुसरं मलम इमिक्विमॉड. ते पेशी थेट मारत नाही, शरीराची प्रतिकारशक्ती त्या जागी जागी करतं. राखणदाराला उठवून चोर दाखवावा, तसं त्याचं काम. वरवरच्या बेसल सेल कॅन्सरसाठी ते आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे लावण्याची पद्धत आहे.

तिसरं डायक्लोफेनॅकचं ३ टक्क्यांचं जेल. ते फक्त ठिपक्यांसाठी आहे आणि दोन-तीन महिने लावावं लागतं. इथे मोठी गफलत होऊ शकते. कंबर आणि गुडघेदुखीसाठी प्रत्येक घरात असणारं जेल हे नव्हे. त्यात औषधाचं प्रमाण वेगळं असतं, शिवाय मेंथॉलसारखे झोंबणारे पदार्थ असतात. ते डागावर चोळू नये.

टिरबॅनिब्युलिन नावाच्या नव्या मलमाला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तेही फक्त ठिपक्यांसाठी, पण पाचच दिवस लावायचं.

मलमाशिवाय आणखी दोन उपचार आहेत. एकात औषध लावून कातडी तयार करतात आणि त्यावर विशिष्ट प्रकाश सोडतात. याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. ही सोय मोठ्या शहरांतच मिळते. दुसऱ्यात ठिपका द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात. हा नायट्रोजन शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या टाकीत ठेवतात, त्या टाकीत तोच असतो, उणे १९६ अंशांचा. डॉक्टर त्याचा फवारा ठिपक्यावर काही सेकंद मारतात. ठिपका गोठतो, फोड येतो, खपली धरून पडतो. सावळ्या कातडीवर मागे पांढरा डाग राहू शकतो, हे आधी विचारून घ्यावं.

यात सरस कोण? नेदरलँड्समध्ये ठिपके असलेल्या ६२४ रुग्णांवर चार उपचारांची तुलना झाली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर फाइव्ह-एफयू लावलेल्यांपैकी शंभरात सुमारे ७५ जणांना चांगला गुण होता. इमिक्विमॉडचे सुमारे ५४, प्रकाश उपचाराचे ३८ आणि इंजेनॉल नावाच्या चौथ्या औषधाचे २९ भरले. सगळ्यांत जुनं मलम पहिलं आलं. या इंजेनॉलची गोष्ट पुढे येईलच.

आधी बिघडतं, मग सुधारतं

फाइव्ह-एफयू किंवा इमिक्विमॉड लावल्यावर पहिले काही दिवस फरक दिसत नाही. मग जागा लाल होते, चुरचुरते, सुजते, साल निघते, खपल्या धरतात. जिथे काहीच दिसत नव्हतं तिथेही लाल ठिपके उठतात, कारण तिथे बिघाड आत दडलेला असतो. तिसऱ्या आठवड्यात आरशात पाहवत नाही. लग्नकार्याला जायची लाज वाटते. नेमकं इथेच घरचे म्हणतात, "बंद कर, चेहरा जाळून घेतलास," आणि मलम अर्ध्यात सुटतं.

पण ते लाल होणं हेच औषध काम करत असल्याचं लक्षण आहे. तणनाशक मारल्यावर तण पिवळं पडतं तेव्हा कोणी घाबरत नाही. ठरलेले दिवस झाले आणि मलम थांबवलं की साधारण दोन-चार आठवड्यांत नवी कातडी येते. सावळ्या रंगावर काही महिने काळसर किंवा फिकट खूण राहू शकते. ताप आला, पू झाला, डोळ्याजवळ सूज आली किंवा वेदना सहन होईनात, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवायचं. किती थांबायचं, पुन्हा कधी लावायचं, हे त्यांनीच ठरवायचं.

लावतानाचे नियम सोपे पण पक्के आहेत. सांगितलेल्या जागीच पातळ थर लावायचा. डोळे, नाकपुडी आणि तोंडाच्या आतला भाग टाळायचा. नंतर हात साबणाने धुवायचे. उपचार चालू असताना भर उन्हात जायचं नाही, म्हणून उन्हाळ्याची आणि सुगीची गडबड सोडून दिवस ठरवावेत. गरोदर बाईने फाइव्ह-एफयू लावूच नये. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हे मलम कुत्र्या-मांजरांसाठी विष आहे. मांजराने लावलेला हात चाटला किंवा कुत्र्याने ट्यूब चावली तर जनावर दगावू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा दिलेला आहे. ट्यूब मुलांच्या आणि जनावरांच्या तावडीपासून लांब, उंचावर ठेवावी.

मलम कुठे चालत नाही?

तण दोन-चार पानांवर असताना फवारलं की मरतं. हरळी माजली की वरून जळते आणि खालच्या काश्यांतून पुन्हा फुटते. तिथे खणूनच काढावं लागतं. कॅन्सरचंही तसंच आहे. मलम वरच्या थरापुरतं पोचतं. गाठ खोल गेली असेल तर वरची कातडी स्वच्छ दिसते आणि आत वाढ चालूच राहते.

म्हणून मलम चालतं ते खडबडीत ठिपक्यांना आणि वरच्या थरातच असलेल्या कॅन्सरला. आत शिरलेल्या स्क्वॅमस सेल कॅन्सरला, मेलॅनोमाला आणि डोळ्या-नाकाजवळच्या खोल गाठीला ऑपरेशनच लागतं, काही वेळा किरणोपचार लागतात.

वरवरच्या आजारातही कापणं जास्त खात्रीचं असतं. ब्रिटनमध्ये कमी धोक्याच्या बेसल सेल कॅन्सरवर इमिक्विमॉड आणि ऑपरेशन यांची तुलना झाली. पाच वर्षांनंतर मलमाचं यश ८२.५ टक्के होतं, ऑपरेशनचं ९७.७ टक्के. मग मलम का वापरायचं? व्रण नको म्हणून, डाग अनेक आहेत म्हणून, वय झालंय, शरीर ऑपरेशन झेपणारं नाही म्हणून. हा विचार डॉक्टरांसोबत बसून करायचा. मलम घेतलं तर पुढची काही वर्षं ती जागा ठरलेल्या वेळी दाखवत राहायचं, कारण आजार उलटू शकतो.

ज्या मलमांनी घात होतो

पहिलं स्टेरॉइडचं मलम. बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी नावं ट्यूबवर बारीक अक्षरांत असतात, कधी बुरशीच्या आणि जंतूंच्या औषधासोबत एकत्र असतात. खाज आणि लाली लगेच उतरते, म्हणून ती खपतात. योग्य आजारात, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस लावली तर ती चांगली औषधं आहेत. पण मनाने महिनोन्महिने लावली की कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसतात, बायकांच्या चेहऱ्यावर केस येतात. गोरं होण्यासाठी चेहऱ्याला चोळली जातात तेव्हा तर हमखास. कॅन्सरच्या डागावर लावली तर वरची लाली झाकली जाते आणि आतला आजार वाढत राहतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही मागितली की मिळतात, हा रोजचा अनुभव आहे.

दुसरं म्हणजे चुना, सोडा, तेजाब किंवा बिब्बा लावून मस आणि तीळ जाळणं. वरचा भाग जळून पडतो, डाग गेला असं वाटतं. आत उरलेलं व्रणाखाली झाकलं जातं आणि पुन्हा दिसतं तेव्हा खोल गेलेलं असतं. शिवाय जळालेल्या डागाची तुकडा तपासणी नीट होत नाही, ते वेगळंच.

झाडपाला असला तर अपाय नाही, असंही नाही. इंजेनॉल हे औषध एका दुधाळ तणाच्या चिकातूनच काढलेलं होतं. ते तण आपल्याकडच्या शेराच्या आणि बांधावरच्या दुधीच्या गोतातलं. ऑस्ट्रेलियात लोक त्याचा चीक चामखिळीला आणि डागांना लावत. त्यावर संशोधन झालं, जेल तयार झालं, २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली. पण पुढे ज्या जागी ते लावलं तिथे कातडीचे कॅन्सर जास्त निघत असल्याचं दिसलं आणि २०२० मध्ये युरोपात त्याची विक्री थांबवली गेली. शुद्ध करून, मोजून, तपासून दिलेल्या चिकाची ही गत झाली. मग बांधावरचं पान तोडून थेंब टाकणाऱ्याने काय समजायचं?

कमरेची जखमही दाखवा

कातडीच्या सगळ्याच कॅन्सरला ऊन कारण नसतं. वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दोन वृद्ध महिलांची नोंद प्रसिद्ध केली. परकराची नाडी किंवा लुगडं वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बांधून कमरेला काच पडला, जखम झाली आणि तिचं कॅन्सरमध्ये रूपांतर झालं. एकीची जखम दीड वर्ष भरली नव्हती. काळपट पट्टा आणि खाज बहुतेक बायकांना असते, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. पण कमरेची जखम लाजेपोटी लपवू नये, तिला हळद आणि ट्यूब लावत बसू नये. नाडी सैल ठेवावी, नाडीऐवजी रुंद पट्टा घालावा, बांधायची जागा बदलत राहावी.

ऊन टाळता येत नाही, मग काय करायचं?

शेतकऱ्याला "उन्हात जाऊ नका" सांगण्यात अर्थ नाही. पण जमतं तेवढं करता येतं. सकाळी लवकर आणि चारनंतर जड कामं, भर दुपारी सावलीतली कामं. गांधी टोपी डोकं झाकते पण नाक, कान, मान उघडी ठेवते, म्हणून त्यावर उपरणं किंवा रुंद काठाची टोपी हवी. वेचणीला जाणाऱ्या बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालतात आणि डोक्याला रुमाल बांधतात. ती सवय उत्तम आहे, पुरुषांनीही उचलावी.

सनस्क्रीन ही फक्त शहरातल्या पोरींची चीज नाही. ऑस्ट्रेलियात १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ लोकांवर अभ्यास झाला. रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेल कॅन्सर सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाले. आपल्याकडे प्रत्येकाला त्याची गरज नाही. पण ज्याला आधीच ठिपके आहेत, ज्याचा उपचार झालाय किंवा ज्याचं अंग जन्मतः पांढरं आहे, त्याने एसपीएफ ३० किंवा जास्तीचं रोज, घामाने गेलं की पुन्हा लावावं.

कुठे जायचं, काय विचारायचं?

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. तिथून त्वचारोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी घ्यावी. सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये त्वचारोग विभाग असतो, तुकडा तपासणीही होते. घरबसल्या पहिला सल्ला हवा तर सरकारची ई-संजीवनी सेवा मोबाइलवर चालते. कॅन्सर निघाला आणि ऑपरेशन लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपला उपचार त्यात बसतो का, ते योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्यावं.

डॉक्टरांसमोर गडबडून जाऊ नये. पाच प्रश्न मोबाइलमध्ये लिहून न्यावेत:

१. हा डाग नेमका कशाचा आहे, तुकडा तपासायची गरज आहे का?
२. किती खोल आहे, मलमाने भागेल की कापावं लागेल?
३. मलम किती दिवस, दिवसातून किती वेळा आणि किती जागेवर लावायचं?
४. लाली किती चालेल आणि कोणत्या त्रासाला लगेच परत यायचं?
५. बरं झाल्यावर पुन्हा कधी दाखवायचं?

आधी वापरलेल्या ट्यूबा फेकू नयेत, त्या सोबत न्याव्यात. काय लावलं ते लपवलं तर निदान चुकतं. चुना लावला असेल तर तेही सांगावं, डॉक्टर रागावले तरी चालेल.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा चेहरा आपण रोज बघतो, पण नीट निरखत नाही. आज संध्याकाळी उजेड असताना आबांच्या कानाची पाळी आणि खालचा ओठ बघा. आजीला कमरेबद्दल घरातल्या एखाद्या बाईने हळूच विचारावं. महिन्याभरात न भरलेलं काही दिसलं, तर येत्या बाजाराच्या दिवशी मेडिकलच्या आधी दवाखाना गाठा. डाग लहान असेपर्यंत दोन-चार आठवड्यांच्या मलमावर भागू शकतं. उशीर झाला तर त्याच डागासाठी नाकाचा तुकडा द्यावा लागतो.